नग एक

तलाठ्यानं कुलूप तोडलं, मी यादीला बसलो.
बामणोलीच्या वरच्या अंगाला कारवीत बुडालेलं
गेनबा पार्ट्याचं दोन खणांचं घर.
आत वटवाघळं, आणि जग.

याकच्या गळ्यातली घंटा, नग एक.
शहामृगाचं अंडं, तडकलेलं, आत मुंग्या.
कुठल्याशा दीपगृहाची किल्ली.
वाळवंट, हॉर्लिक्सच्या बाटलीत पाऊण भरून.
प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी:
गाव, तारीख, कुणाकडून, काय देऊन.

सातासमुद्रापार फिरलेला माणूस
मेढ्याच्या बाजारात हमखास वाट चुकायचा.
लोक हसायचे.
मी तर खडे मारलेत त्याच्या हॅटवर.

"भंगार लिही सरसकट," तलाठी म्हणाला.
तेच लिहीत होतो.
मग फळीवर, देवमाशाच्या दाताला टेकवून ठेवलेली
एक बेचकी. पेरूचा फाटा, सायकलची ट्यूब.
चिठ्ठीत:
"बामणोली. चैत्र. मालक वय नऊ, नेम चांगला.
बदल्यात द्यायला भिंग काढलं होतं,
तोवर पळाला."

खाली धक्क्यावर लाँचनं भोंगा दिला.
तलाठी चपला शोधत होता.
मी लिहिलं, बेचकी, नग एक,
आणि मालकाच्या रकान्यापाशी
पेन झटकत बसलो.