ऊर्फच्या जागी

कोर्ट नाका, दुसरा मजला, भाषांतर कक्ष.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
मी एक तुटकं कुलूप ठेवते
(मुद्देमालातलं नव्हे, आमच्याच कपाटाचं).
बावीस वर्षं मराठीचं इंग्रजी करते आहे.
पंचनामे, जबाब, शवचिकित्सेचे कागद.
ऊर्फ दिसला की बोटं एलियस टंकतात,
मधे विचार नसतो, जिना उतरताना नसतो तसा.

आजचा आरोपी: हेमंत काशिनाथ भोपी
ऊर्फ पप्पू ऊर्फ चष्मा, राहणार विटावा,
तीन मोटारसायकली, एक गॅस सिलिंडर.
दोन ऊर्फ, म्हणजे दोन एलियस.
दुसऱ्यापाशी वीज गेली.

खिडकीशी जाड कोश उघडला, उगाच, वेळ जावा म्हणून.
वाटलं होतं, आत मुखवटा असेल,
बुरखा, निदान चिकटवलेली मिशी.
निघालं एक साधं लॅटिन क्रियाविशेषण:
दुसऱ्या वेळी. दुसरीकडे.
एवढंच. इथे हेमंत,
दुसऱ्या वेळी, दुसरीकडे, चष्मा.
यात लपवाछपवी कुठे आहे?
ती नंतर चिकटली असणार, आमच्यासारख्यांच्या टेबलांवर,
शिक्के खाऊन खाऊन शब्दच सराईत झाला.

खाली बारीक टायपात आणखी एक:
पहिली आज्ञा बजावता आली नाही, माणूस सापडला नाही,
की दुसरी निघायची, तिलाही एलियसच म्हणत.
पूर्वी एकदा फर्मावल्याप्रमाणे.
बेलिफ घुडे ऐकून म्हणाले,
मॅडम, मग माझी अर्धी नोकरी एलियस.

आणि ऊर्फ?
तो अरबीतून, फारसीच्या दफ्तरातून चालत आलेला,
मुळात 'ओळखीचा', 'लोकांना ठाऊक असलेला'.
मारफत त्याची चुलत बहीण, तारीफही त्याच घरातली.
म्हणजे बघा,
एक शब्द सांगतो, हा इथे नाही, दुसरीकडे असतो;
एक सांगतो, अहो, याला कोण ओळखत नाही!
आणि मी बावीस वर्षं एकाच्या जागी दुसरा ठेवून
खाली लिहिते: खरे भाषांतर. सही.

माझं नाव मधुरा.
ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं ते मला उलटं दिसलं,
ताट त्यांच्या बाजूनं होतं.
वाचता येईना म्हणून मी हसले,
लोकांना वाटलं, आवडलं.
त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल.
पासबुकात, सेवापुस्तकात, विजेच्या बिलावर
कुठेही द्वारका नाही.
मुरबाडच्या बाजारात एक म्हातारा वाणी
अजून हाक मारतो, द्वारके,
मी वळते, पण जरा उशिरा,
समन्स दुसऱ्यांदा यावं तशी.
माझ्यापुढे कुणी ऊर्फ लावत नाही.
फार तर पूर्वाश्रमीची म्हणतात,
जणू मी हिमालयातून आले,
चरईतल्या दोन खोल्यांतून नव्हे.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गलका.
पोलिसांच्या गाडीतून त्याला उतरवलं होतं,
चष्मा नव्हताच त्याला, कधी होता की नाही कोण जाणे.
एक बाई डबा पुढे करत होती, हवालदार नको म्हणत होता.
सुक्या वाकटीच्या कालवणाचा वास जिन्यापर्यंत.
"आरं बबू, जेवलास का नाय?"

नाव पुकारलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.
आता मान वर केली.

बबू कागदावर नाही. पप्पूच्या आधी घालावा की चष्म्यानंतर,
आणि इंग्रजीत त्याच्यापुढे काय लावावं,
ऊर्फ की एलियस,
हे ठरवत असतानाच वीज आली,
पंखा फिरला, कुलपाखालचा कागद फडफडला.
मी आत गेले. दुसरा एलियस टंकला.

डबा शेवटी दिला की नाही,
ते बघायचं राहून गेलं.