नावाची पट्टी

इतवारीत तो काट्यावर चढला होता,
साडेनऊ किलो, बिडाच्या भावात.
नावाची पट्टी कुणीतरी उपटलेली,
रिव्हेटची दोन भोकं तेवढी.

रंग खरवडला: हिरवा,
त्याखाली दवाखान्याचा करडा,
त्याखाली काळा, काचेसारखा.
पाती पितळेची, चार.
जाळीचे वेढे मोजले, आट्यांवर नख फिरवलं,
माझ्याकडचा एकही स्क्रू बसेना.
निनाव्यांनी कार्बनचा वास घेतला.
"डीसीचा हाये.
याले घरची लाइन नोका देऊ."

गोळीबार चौकात त्यांचे वडील
मागाच्या कांड्या भरायचे.
हे तांबं भरतात, ओठांत आकडे:
चारशे अकरा, चारशे बारा...
मी चहा म्हणालो
आणि पुन्हा एकपासून.

नवतपा. गल्लीतले कूलर पाणी मागत होते.
लाइन डायोडनं गाळून दिली.
आधी गुरगुरला,
मग चार पात्यांचं एकच पिवळं वर्तुळ.
वारा गरमच. खरं सांगतो, भट्टीचा.
तरी निनाव्यांनी सदऱ्याचं वरचं बटण उघडलं.
मान वळत वळत त्यांच्यापाशी आली,
किंचित थांबली, परत गेली.

ती दोन भोकं
मी बुजवणार नाही.