पायरीअलीकडचा दगड

बंगला खाडीकडे तोंड करून आहे.
कोपरीच्या बाजूने आलात तर आधी कौलं दिसतात,
मग सरकारी पिवळा रंग,
मग तिकीटखिडकीत मी.
मोठ्यांना वीस, मुलांना पाच,
फोटो काढायचे तर वेगळे दहा.

गव्हर्नर हिवाळ्यात इथे उतरायचा म्हणतात,
खाडीतली बदकं मारायला.
त्याचं नाव मी सांगत नाही,
आत सोळा पाट्यांवर आहे, वाचा.
त्याची खुर्ची आहे, दाढीचं भांडं आहे,
मच्छरदाणीचे पितळी दांडे,
आणि कुठल्याशा मडमेचे हातमोजे,
इतके पांढरे
की ठाण्याच्या घामात एकदाही घातले नसावेत.
पाट्या मीच लिहिल्या.
अक्षर चांगलं आहे माझं, साहेब लोक म्हणतात.

पण मला सांगायचं होतं ते दगडाबद्दल.
व्हरांड्याच्या पायरीअलीकडे एक काळा दगड होता.
होता म्हणजे, आहे अजून.
त्याला मधोमध दोन खळगे, पावलांएवढे.
अर्जदाराने तिथे उभं राहायचं.
चपला फाटकाबाहेर.
बसायचं नाही, पायरी चढायची नाही,
आतून हाक येईपर्यंत खोकायचंही जपून.

माझा पणजा, पोशा मढवी,
अकरा दिवस उभा होता त्यावर.
उधाणाने मिठागराचा बांध फोडला होता,
त्या सालचा सारा माफ व्हावा, एवढंच मागणं.
बाराव्या दिवशी शिपाई म्हणाला,
साहेब कालच पुण्याला गेले.

आमच्याकडे ही गोष्ट रडून कुणी सांगितली नाही.
आजा तर मांडीवर थाप मारून हसायचा:
"मीठ आमचा, माप त्यांचा,
न उबं रायाला दगूड सरकारी!"

मागच्या फेब्रुवारीत डागडुजी निघाली.
धाकटीच्या हळदीसाठी मी आठ दिवस रजेवर,
परत आले तर दगड सपाट.
ठेकेदार गाला खूश होता:
"लोक ठेचकाळायचे मॅडम, लेव्हल करून दिला.
रंग पण मॅच केलाय, बघा."
खरंच केला होता.
शोधायला मला गुडघ्यांवर बसावं लागलं,
तळहाताने चाचपावं लागलं,
अंधारात काडेपेटी चाचपावी तसं.

वर कळवलं. वरून विचारणा झाली:
सदर वस्तूची यादीत नोंद आहे काय?
नव्हती.
दगडाची असती एक वेळ.
खळगा ही वस्तू नसते,
तिला क्रमांक कुठे चिकटवणार?

मग मी पाटी लिहिली:
'इथे माणसं उभी राहायची.'
ती दुरुस्त होऊन आली:
'अभ्यागतांच्या प्रतीक्षेची जागा.'
तीच लावली आहे. अक्षर माझंच आहे.

रात्रपाळीचा हिराजी केणी पहाटे व्हरांडा धुतो.
खळग्यांत पाणी साचायचं तेव्हा
दोन साळुंक्या यायच्या.
अजून येतात, तो म्हणतो,
कोरड्या दगडावर चोच मारतात,
एकमेकींकडे बघतात
आणि भांडून उडून जातात.

खांबांमधून चारच्या सुमाराला
नेमकं त्याच दगडावर चांगलं ऊन पडतं.
त्यामुळे फोटोला सगळे तिथेच उभे राहतात,
लग्न ठरलेली जोडपी, शाळेच्या सहली,
कळव्याहून आलेले एक निवृत्त मास्तर, हात मागे बांधून.
पायातलं काढा, असं मी कुणाला म्हणत नाही.
फक्त दहाची पावती फाडते
आणि खिडकीतून बघते.

दोन मिनिटं, फार तर तीन.
दगड झिजायला किती माणसं लागली
हे कुठल्याच दप्तरात नाही.
मी कधी कधी पावतीबुकाच्या पाठीवर हिशेब मांडते,
अकरा दिवस, गुणिले किती पोशा,
आणि पाच वाजतात,
बंगला बंद करायची वेळ होते.