पाणी सोडताना

रेडिओवरची बाई सांगते, शुक्रवारी रात्री
पारा गोठणबिंदूच्या बारा अंश खाली जाईल.
मी ओव्हनमधल्या पेस्टी बघते
आणि मग खिडकीतून ट्रेलर.
दिवा लागलाय. रेइनो आत आहे.
मे महिन्यापासून.

"दोन आठवडे," म्हणाला होता.
तेव्हा सरोवरावर बर्फाचे तुकडे वाहत होते अजून.
मग कागद गिरणीने देणी थकवली,
मग इर्माच्या वकिलाचं पत्र आलं,
मग ब्लूबेरी पिकल्या, मग संपल्या,
आणि आठवडा हा शब्द
आम्ही दोघं बहीणभाऊ बोलेनासे झालो.

आज शेडमधून गुलाबी द्रवाचे तीन कॅन आणले,
त्याच्या पायरीशी ठेवले. बोलले काहीच नाही.
हे गोठत नाही. पण एकदा नळांत भरलं
की तिथे कॉफी करता येत नाही,
दात घासता येत नाहीत.
त्याने कॅनकडे बघितलं. मग माझ्या बुटांकडे.
"मोठा पाना आण," म्हणाला.

हीटरचा बोल्ट सुटला
आणि उन्हाळाभराचं पाणी धडाधड गवतावर आलं,
कोमट, चुनकट, तांबूस.
घरावर पाणी सोडलं होतं त्याने, पेन्शनवर सोडलं होतं,
आता हे टाकीतलं.
बोल्टाबरोबर सळई आली बाहेर:
अंगठ्याएवढी जाड असायची,
आता नुसती तार, तिला चिकटलेला भुगा.
"ही झिजते म्हणून टाकी गंजत नाही," तो म्हणाला.
मला वाटलं, पुढे काही बोलेल.
त्याने ती खिशात टाकली.

मग पंपाची नळी कॅनमध्ये.
तो बाहेर, मी आत, मधे उघडं दार.
"स्वयंपाकाचा!"
मी नळ सोडते. हवा खोकते, पाणी थुंकते,
आधी स्वच्छ, मग फिकट, मग एकदम गुलाबी.
"गरमचा!"
"न्हाणीतला! झाला का?"
"थांब ना, अजून पांढरंच येतंय."

इतकी आत मी आले नव्हते कधी.
बिछाना सैन्यातल्यासारखा ताणून घातलेला.
खिडकीच्या कडेला किनाऱ्यावरून वेचलेले अकीक,
लहानापासून मोठ्यापर्यंत,
आणि शेवटच्या दोघांत जागा सोडलेली,
मधला एक मिळायचा असावा.

"फ्लश कर!" पेडल दाबते.
"सिंकखाली वाटीभर ओत!" ओतते.
सगळं आटोपलं असं वाटून मी हात पुसते,
तेवढ्यात तो बाहेरूनच: "शॉवर. मागचा."

दोन वर्षांपूर्वी तोच विसरलो होतो.
भिंतीतल्या वळणावर वीतभर पाणी मुरलं होतं.
ते ओरडत नाही, गळत नाही, कुणाला सांगत नाही;
जानेवारीतल्या एखाद्या रात्री
आपल्या जागेत मावेनासं होतं, इतकंच.
मे महिन्यात आख्खी फळी भिजली तेव्हा कळलं.

टॉर्च मी धरला. तो गुडघ्यांवर बसला,
झाकण उघडलं, नळ फिरवला,
आणि काहीच आलं नाही, कितीतरी वेळ.
मग दोन थेंब. मग बारीक धार,
त्याच्या बाहीवर गुलाबी.

"वरच्या खोलीतला रेडिएटर," मी म्हणाले,
"जरा ठोकावा लागतो. पण तापतो."
"भाडं देईन."
"पेस्टी गार होतायत, रेइनो."

तो एक खोका घेऊन आला, फार मोठा नव्हता.
टेबलावर ती सळई ठेवली, पुढच्या वसंतात
याच मापाची आणायची म्हणून.
सलगम जास्त झालाय म्हणाला, तरी दोन खाल्ल्या.

रात्री अंगणात पहिल्यांदाच अंधार होता.
वर कुणीतरी रेडिएटर ठोकलं.
तीनदा.
मग थोडं थांबून, अजून एकदा.