दोन सूत

पगार सरांनी यादी दिली
तेव्हा मी आधी शेवटचा आकडा वाचला.
त्यांचं आडनावच पगार.
माझे नऊ पगार त्या एका कागदावर मावत होते.

"नवी कोरी परवडत नसेल तर सुटी जमवा," ते म्हणाले.
"हवेवरची आहे, दहा मीटरची, घाबरू नका.
नळी आणि ट्रिगर यांत काटकसर नको.
बाकी सगळं बदलता येतं."

बाकी सगळं बदलता येतं,
हे वाक्य मी अंबडपर्यंत चघळत गेले.

एकवीस वर्षं क्वालिटीत आहे मी.
लोकांच्या कामाला व्हर्नियर लावायचा
आणि नाही म्हणायचं, हाच धंदा.
जुना माल कसा बघावा
हे मला कोणी शिकवू नये.

नळी पुण्याहून आली, ॲक्शनसकट, तिसऱ्या हाताची.
खिडकीकडे धरून आत डोकावले.
उजेड पीळ घेत घेत पार टोकापर्यंत गेला,
कुठे अडखळला नाही.
मी घासाघीस केली नाही. मलाच नवल वाटलं.

सिलिंडर मात्र परत धाडला.
वरून चकचकीत, विकणारा गोडबोल्या,
आणि गळ्याशी ठोकलेली तारीख
येत्या दिवाळीत संपणारी.
दुसरा दाखवा, म्हटलं.

दस्ता देवळालीतला. शलाका उगलेचा.
ती आता बँकेत असते, नेम सोडून चार वर्षं झाली.
गालपट्टीवर तिच्या गालाची झीज,
आणि बटप्लेट उघडली तर आत पेन्सिलीने:
घाई कोणाला आहे?
मी स्पिरिटचा बोळा घेतला.
ऊर्वीने माझा हात धरला.

खांद्याचा हूक खैरनारने मिलिंगवर काढून दिला
जेवणाच्या सुट्टीत, भंगाराच्या तुकड्यातून.
तुकड्याचे पैसे किलोच्या भावाने भरले, पावती आहे.
मजुरी म्हणून आठवडाभर माझं कारलं खाल्लं त्याने.
वजनाला पितळेचे चार तुकडे, चाळीस चाळीस ग्रॅम.
डायॉप्टरसाठी सिंधू बोरस्तेशी
भिशीचा नंबर बदलून घेतला.
एवढंसं भोक, त्यातून बघायचे एवढे पैसे!

सिटीलिंकमध्ये कंडक्टर म्हणाला, "गिटार का?"
"हो," ऊर्वी म्हणाली.
"मग वाजव की एखाद दिवशी."

रात्री स्वयंपाकघरात ती पाय रोवून उभी,
फ्रिजवर चिकटवलेला काळा ठिपका,
आणि मी ॲलन की घेऊन तिच्याभोवती.
कारखान्यात मी मायक्रॉन बोलते,
घरी बापाची भाषा येते तोंडात.
गाल दोन सूत वर.
हूक एक सूत खाली.
"अगं आई, श्वास घेऊ दे."
जमलं तिथे प्रत्येक स्क्रूवर
नेलपॉलिशचा लाल टिपका दिला.
पुढच्या वर्षी ती उंच होईल,
टिपके सरकतील. बाटली जपून ठेवलीय.

पहिल्या दिवशी दहा चार.
मग नऊ एक. मग आठ सात.
सर दुर्बिणीतून बघत राहिले, बोलले नाहीत.
घरी येताना त्र्यंबक रोडच्या सिग्नलला
तीच म्हणाली,
"आता रायफलवर ढकलता येणार नाही."

काल ती झोपल्यावर
मी एकदा खांद्याला लावून पाहिली.
गाल टेकेना. हूक काखेत रुतला.
गोलात काळा ठिपका सापडेचना,
नुसता फ्रिजचा पांढरा रंग.
माझ्या मापाचं त्यात काहीच नव्हतं.

एकही स्क्रू न हलवता पिशवीत ठेवली.
पिशवीची चेन अर्ध्यात अडकते.
ती बदलायची राहिलीय.