निवडणं

शेफील्डच्या पूर्वेला, डॉन नदीच्या काठी
मी बेअरिंगचे छर्रे तपासतो.
वाटाण्याएवढे, पोलादी.
भिंगाखाली फिरवायचा, केसभर ओरखडा दिसला
की लाल पेटीत.
अकरा वर्षांत हात कधी थबकला नाही.

आज सकाळी सात चाळीसला
झाकणबंद डबी शर्टाच्या आत, काखेत धरून
मी ट्रामची वाट बघत होतो.
तासाच्या आत आणा, म्हणाले होते, आणि ऊब सांभाळा.
केतकी पुढे गेलेली, टॅक्सीने, उपाशीपोटी.
बर्फ भुरभुरत होतं. शेजारची म्हातारी म्हणाली,
हात दुखतोय का रे, लव्ह?
हो, म्हटलं, थोडासा.

खिडकीशी नाव पुकारलं: मिस्टर गॅटपँडी.
दोघींनी दोनदा पडताळलं,
डबीवरचं, कागदावरचं, माझ्या तोंडचं.
घाटपांडे. हो. मीच तो.

ब्रॉनवेन, तिथली भ्रूणतज्ज्ञ, पंचविशीची पोर,
मागच्या महिन्यात चित्र काढून समजावत होती.
ही चिप. हिच्यात केसाएवढ्या वाटा.
जे आपल्या बळावर पोहत पलीकडे येतील, ते घ्यायचे.
मग बशीत एक ठिपका असतो,
त्याला धरून राहतील ते पिकलेले,
भिरभिरतील ते कच्चे.
मग कितीतरी पट मोठं करून बघायचं
डोकं, मान, शेपटी.
आणि उरलेले?
पेनाला टोपण लावत ती म्हणाली, उरलेले उरतात.

माझे मुळातच थोडे.
लोकांचे कोटींत मोजतात.
माझ्यातले बरेचसे जागच्या जागी वळवळणारे,
भर चौकात पत्ता विसरलेल्या माणसांसारखे.

एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली
ती काही डोक्यातून जात नाही:
जो निवडला जातो
त्याची शेपटी आधी सुईने मोडतात.
पोहला म्हणून निवडला
आणि निवडला म्हणून आता पोहायचं नाही.
सुईतूनच नेतात आत.
पाहुण्यासारखं म्हणावं की चोरासारखं?

आमच्याकडे निवडणं म्हणजे आधी खडे काढणं.
चार वर्षं दर रविवारी आई फोनवर
केतकीला निवडत होती:
थायरॉइड बघून घे, पपई खाऊ नकोस,
वजन किती तुझं?
मी मागे उभा राहून ताटल्या पुसायचो.
कोरड्या झालेल्यासुद्धा.

काल फोन मी घेतला.
आई, दोष माझ्यात आहे.
तिकडे मेथीच्या काड्या मोडत होत्या, त्या थांबल्या.
कोण म्हणतं?
रिपोर्ट.
रिपोर्टला काय कळतंय, असं म्हणाली,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, तिला दे.
केतकी फोन घेऊन न्हाणीघरात गेली, कडी लावली.
हसत होती की रडत होती
दाराबाहेरून मला ओळखता आलं नाही.

आता रात्रपाळी.
तिला घरी आणून, गरम पाण्याची पिशवी देऊन आलोय.
टेकडीवरच्या त्या इमारतीत
एव्हाना कुणीतरी कुणालातरी पास केलं असेल.
सकाळी फोन येईल.

भिंगाखाली एक छर्रा.
ओरखडा आहे, किंवा माझ्याच नखाची सावली.
फिरवला. परत फिरवला.
काय झालं रे? पलीकडून डेरेक.
काही नाही.
ओरखडाच होता.
गाडीच्या चाकावर माणसांचा भरवसा असतो, सोडून चालत नाही.
लाल पेटीतच गेला शेवटी.
फक्त टाकला नाही,
ठेवला,
आवाज होणार नाही असा.