हवेनं

कागदावर बाबूनं लिहिलं, कारण : आग.
मी म्हटलं, आग नव्हती साहेब.
बॉयलरचं दार उघडलं आणि हवा बाहेर आली.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं
आणि आग तशीच राहू दिली.

लोटन दाराच्या डाव्या हाताला उभा होता,
मी उजव्या.
इतकंच.

तेरा वर्षं झाली.
अमळनेरात, बोरीच्या कोरड्या पात्राकडे तोंड करून
आमची खोली आहे.
चैत्र सरला की झळा सुरू होतात,
मोरीतला मगसुद्धा मऊ पडतो,
लोक कपाळ पुसत म्हणतात, काय ऊन शे रे भो!
मला घाम येत नाही.
म्हणजे पाठीला येतो, छातीला येतो,
मानेच्या वर नाही, कोपराच्या खाली नाही.
ती कातडी मांडीची आहे,
तिला इथलं काम येत नाही.
कोकिळा ओला पंचा टाकते माझ्यावर
दर अर्ध्या तासानं, न बोलता,
माठावरचं फडकं भिजवावं तसा.

रात्री पापण्या पुरत्या मिटत नाहीत.
धाकटी लहानपणी विचारायची,
आबा, झोपलात की जागे?
मलाही नक्की सांगता यायचं नाही.

मामेभावाला फोन केला, सुपडू बोलतोय म्हटलं,
तो म्हणाला, राँग नंबर.
दोनदा.
मग कोकिळानं फोन घेतला.
जिना चढलो की छातीत शिट्टी वाजते,
पाळी सुटताना गिरणीची वाजायची तशी, पण बारीक.
दाखल्यावर अडतीस टक्के आहेत.
ते बाहेरचे.
आत कुणाची मोजपट्टी गेली नाही.

तेरा हिवाळे आमच्याकडे भरीत झालं नाही.
शेजारी व्हायचं. काट्यांचा धूर दिसला
की कोकिळा खिडकी लावून घ्यायची.
भाजलेलं वांगं, त्याची सुटलेली साल.
तिला कधी कारण सांगावं लागलं नाही.

यंदा पौषात जावई आला पहिल्या खेपेला,
बामणोदच्या वांग्यांची पिशवी घेऊन.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
अंगणात त्यानंच काट्या पेटवल्या,
हसत, बाही वर सारून.
धाकटी दारातच थांबली.
वांगी परातीत आली तर कुणाला हात लावता येईना,
बोटं फुंकत सगळे मागे सरले.

माझ्या बोटांना चटका कळत नाही.
दोन तर सरळही होत नाहीत,
साल ओढायला वाकडीच बरी.
एक सोललं. दुसरं. सात सोलली.
वाफ तोंडावर यायची तेव्हा
मान तेवढी फिरवून घेतली.

कोकिळा मिरच्या ठेचत होती.
तिनं वर पाहिलं नाही, हात मात्र थांबला.

मी जावयाला विचारलं, वास कसा येतोय?
तो म्हणाला, काय?
जवळ सरकून
मी पुन्हा विचारलं.